एक पाय शस्त्रक्रियेचा, दुसरा लेझरचा

माझ्या उजव्या पायाच्या व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे फुगून वर आलेल्या शिरांवर, २००७ साली शस्त्रक्रिया झाली आणि डाव्या पायावर २०२२ साली लेझरने उपचार झाले. या दोहोंपैकी चांगले काय, असे ओळखीची माणसे मला वरचेवर विचारतात आणि दोन्ही पाय एकाच बाईचे असल्यामुळे मला उत्तर देणे सोपे जात असेल, अशी त्यांची समजूत असते. मधल्या पंधरा वर्षांत माझे वय, यंत्रे, भूल देण्याची पद्धत आणि तपासणीची शिस्त हे सगळेच बदलले, त्यामुळे ही तुलना दिसते तितकी सरळ नाही. तरीही दोन्ही वेळा जे सोसले, पाहिले आणि वहीत टिपून ठेवले, ते येथे मांडते.

मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रात्यक्षिकांच्या दिवशी सलग पाच-सहा तास उभे राहायचे आणि जे मोजता येईल ते मोजून लिहून ठेवायचे, या दोन्ही सवयी मला तेथेच लागल्या. माझ्या आईलाही हाच त्रास होता. तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून कडक झाली होती आणि तेथे एकदा झालेली जखम भरायला सात महिने लागले होते. त्यामुळे दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या उजव्या पोटरीवर निळसर, वळणावळणाची शीर वर आली, तेव्हा तिचे नाव मला कोणी सांगावे लागले नाही. हा विकार घराण्यात चालतो आणि गरोदरपणात तो बळावतो, कारण त्या काळात अंगातले रक्त वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि पोटातल्या मोठ्या शिरांवर गर्भाशयाचा दाब येतो. सकाळी घोट्याचा घेर साडेएकवीस सेंटिमीटर भरे, तर प्रात्यक्षिके संपवून घरी आल्यावर तेवीस. पाय जड होई, पोटरी ठणके आणि रात्री वांब येई. तरी तीन-चार वर्षे मी उशीवर पाय ठेवून झोपण्यापलीकडे काही केले नाही.

यात घडते काय, हे मला पहिल्या शल्यचिकित्सकांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावले होते. पायातले रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या पिळण्याने, आणि चढलेले रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. कातडीखालून घोट्यापासून जांघेपर्यंत मांडीच्या आतल्या बाजूने जाणारी एक लांब शीर जांघेत आतल्या मोठ्या शिरेला मिळते. त्या संगमावरची झडप निकामी झाली, की उभे राहताच वरचे रक्त खाली येऊ लागते, त्या भाराने खालच्या झडपाही एकेक करून हार मानतात आणि शेवटी पोटरीवरच्या फांद्या फुगून वर येतात. आपल्याला दिसतात त्या या फांद्या. बिघाड मात्र हातभर वर, मांडीत लपलेला असतो. हे एवढे नीट कळले, की शस्त्रक्रिया काय आणि लेझर काय, दोन्हींचे मुख्य काम मांडीतली ती खराब झालेली शीर वाहतुकीतून बाद करणे हेच आहे, हे लक्षात येते. कातडीजवळच्या शिरांमधून पायाच्या रक्ताचा थोडाच भाग वर जातो, बाकीचा भार स्नायूंच्या आतल्या शिरा वाहतात. म्हणूनच त्या आतल्या शिरा धडधाकट असतील तर ही एक शीर गेल्याने पायाचे अडत नाही.

२००७ साली माझी तपासणी लवकर आटोपली. मला झोपवून पाय वर धरला, मांडीला रबरी पट्टा बांधला, मग उभे करून पट्टा सोडला आणि शिरा वरून भरतात का, हे पाहिले. त्यानंतर डॉप्लर, म्हणजे शिरांतले रक्त कोणत्या दिशेने वाहते हे दाखवणारी सोनोग्राफी, झाले, तेही झोपूनच आणि दहा मिनिटांच्या आत. अहवाल जेमतेम अडीच ओळींचा होता. गुरुत्वाकर्षणामुळे जो बिघाड उघडा पडतो तो झोपलेल्या माणसात शोधायचा, यातली विसंगती निदान मला तरी तेव्हा जाणवायला हवी होती, पण जाणवली नाही. लेझरबद्दल मी विचारले तेव्हा, ती पद्धत नवीन आहे, माझा हात शस्त्रक्रियेवर बसलेला आहे, असे शल्यचिकित्सकांनी सरळ सांगितले. मला ते प्रामाणिक वाटले, आजही वाटते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मला उभे करून काळ्या मार्करने उजव्या पायावरची प्रत्येक गाठ नि वळण आखून घेतले, कारण आडवे झाले की फुगलेल्या शिरा रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. मग पाठीच्या मणक्यातून भूल दिली. कमरेखालचे अंग आपले राहिले नाही असे वाटले. जांघेच्या घडीत सुमारे चार सेंटिमीटरची चीर घेऊन डॉक्टरांनी संगमावर ती लांब शीर बांधून तोडली, तेथे येऊन मिळणाऱ्या लहान फांद्याही बांधल्या, मग शिरेच्या पोकळीतून एक लवचीक तार गुडघ्याच्या खालपर्यंत सरकवून तेथे छोट्या चिरेतून बाहेर काढली आणि शिरेचे वरचे टोक तारेला बांधून तार खालून ओढली. शीर आतून उलटी होत तारेबरोबर बाहेर आली. हे सगळे मला नंतर सांगितलेले. त्या वेळी मला फक्त ओढ जाणवत होती, दुखत नव्हते. शिरेतून तार घालून ती उपसण्याची ही युक्ती बॅबकॉक नावाच्या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९०७ साली मांडली होती, म्हणजे माझ्या पायात ती तार गेली तेव्हा तिला नेमकी शंभर वर्षे झाली होती. इतकी वर्षे टिकलेली पद्धत अडाणी असेल असे मानण्याचे काही कारण नाही, आणि ती अडाणी नव्हतीच.

रुग्णालयात दोन रात्री काढल्या. पहिल्या रात्री उठायची परवानगी नव्हती आणि भुलीमुळे लघवी होईना, म्हणून नळी घालावी लागली. पायाच्या दुखण्यापेक्षा मला त्याचीच अधिक लाज नि धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी बोटांपासून जांघेपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळून चालवले. बँडेज बदलताना मांडी पाहिली तर आतली सगळी बाजू जांभळीकाळी झाली होती. शीर उपसल्यावर तिच्या जागी जो बोगदा उरतो त्यात रक्त साठते, त्याचा तो रंग होता, आणि तो जांभळ्यावरून हिरव्यावर, हिरव्यावरून पिवळ्यावर येत तीन आठवड्यांनी गेला. जांघेतली जखम जिना चढताना ओढे. नवव्या दिवशी टाके काढले, एकोणिसाव्या दिवशी मी कामावर गेले.

एक गोष्ट मात्र कायमची राहिली. नडगीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या थोडे खाली, कातडीचा एक तुकडा बधिर झाला. कापसाचा बोळा फिरवून मी त्याची हद्द आखली तेव्हा तो सहा सेंटिमीटर लांब नि तीन रुंद भरला. गुडघ्याच्या खाली या शिरेला अगदी चिकटून एक संवेदनेची नस धावते आणि शीर ओढताना ती दुखावली जाऊ शकते. म्हणूनच शीर घोट्यापर्यंत न ओढता गुडघ्याच्या जरा खालपर्यंतच ओढण्याचा प्रघात पडला आहे. माझ्या बाबतीत एवढी काळजी घेऊनही ते झाले. वर्षभरात तुकडा अर्ध्यावर आला आणि तेथेच थांबला. त्याचा चालण्यावर काही परिणाम नाही, फक्त डास चावलेला कळत नाही.

या सगळ्याचा उपयोग झाला का, तर नि:संशय झाला. पायाचा जडपणा गेला, संध्याकाळचा घोट्याचा घेर बावीसच्या पुढे गेला नाही आणि पुढची नऊ-दहा वर्षे मी उजव्या पायाला विसरून गेले.

तक्रार सुरू झाली ती त्यानंतर. उजव्या मांडीच्या समोरच्या बाजूला नवी वळणे उमटू लागली आणि दरम्यान डावा पायही उजव्याच्या जुन्या वाटेने निघाला. २०२२ च्या सुरुवातीला मी एका उपचार केंद्रात गेले. भिंतीवर ‘चीर नाही, टाका नाही, वेदना नाही’ असे लिहिलेले होते. तेथे माझे पाय खुर्चीत बसल्या बसल्या पाहून दोन्ही पायांना लेझर करू, परवाच या, असे सांगण्यात आले. उजव्या पायातली शीर तर पंधरा वर्षांपूर्वीच काढलेली आहे, मग लेझर कशाला करणार, हा प्रश्न मी विचारला तेव्हा समोरच्या गृहस्थांनी फाईल पुन्हा उघडली. मी फाईल मागून घेतली आणि घरी आले.

ज्या डॉक्टरांकडे शेवटी उपचार घेतले, त्यांनी पहिल्या भेटीत उपचाराचा विषयच काढू दिला नाही. ‘आधी नकाशा काढू, मग रस्ता ठरवू,’ एवढेच त्या म्हणाल्या. डॉप्लरला पाऊण तास लागला आणि तो सबंध वेळ मी उभी होते. मी दोन पायऱ्यांच्या लाकडी चौथऱ्यावर कठडा धरून, तपासायचा पाय सैल सोडून दुसऱ्यावर भार देऊन उभी, आणि सोनोग्राफीचे डॉक्टर खाली बुटक्या स्टुलावर बसलेले. ते जांघेत यंत्राचा गार ठोकळा टेकवत, दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडत. दाबले की पडद्यावर शिरेत निळा रंग भरे, सोडले की क्षणभरात तो विझायला हवा; पण माझ्या डाव्या मांडीत तो विझण्याऐवजी लाल होऊन तसाच रेंगाळे. लाल म्हणजे रक्त उलटे खाली येत आहे. खालच्या आलेखावर त्यांनी ती वेळ मोजली. अशा शिरांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह दोष मानला जातो, माझा तीन सेकंदांहून अधिक भरला. मांडीत शिरेची रुंदी साडेआठ मिलिमीटर होती.

उजव्या बाजूला त्यांना अधिक वेळ लागला. जुन्या चिरेखाली, जेथे २००७ साली शीर बांधून तोडली होती, तेथे बारीक, गुंतलेल्या नव्या शिरांचे जाळे उगवले होते आणि त्यातून मांडीच्या समोरच्या एका फांदीत रक्त उतरत होते. झाड तोडल्यावर बुंध्याला धुमारे फुटावेत तसा हा प्रकार, आणि जांघेतील शस्त्रक्रियेनंतर तो होणे सर्वज्ञात आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. ती समोरची फांदी मात्र पहिल्या वेळीही असणार आणि उभे करून पाहिले असते तर कदाचित तेव्हाच दिसली असती. हे ऐकून मला राग आला, तो शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर नव्हे तर त्या अडीच ओळींच्या अहवालावर. लेझरने बंद केलेली शीरही पुन्हा उघडू शकते आणि न पाहिलेली फांदी लेझरनंतरही मागे राहते, तेव्हा येथे दोष हत्याराचा नव्हता.

मग मी माझी प्रश्नांची यादी काढली. पुढे कधी हृदयाची बायपास करावी लागली तर हीच शीर लागते, मग ती जाळायची कशी, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर असे मिळाले की फुगून वाकडीतिकडी झालेली शीर त्या कामाला सहसा योग्य राहत नाही, आणि निरोगी शिरेला तर कोणत्याच पद्धतीने हात लावायचा नसतो. काढली काय आणि बंद केली काय, या बाबतीत फरक नाही. दुसरा प्रश्न, लेझर कोणाला चालत नाही. शीर इतकी वळणांची असेल की तार पुढे सरकणारच नाही, ती कातडीच्या अगदी लगत असेल, किंवा तिच्यात जुनी गुठळी असेल, तर लेझर अवघड होतो आणि शस्त्रक्रियेचा विचार आजही करावा लागतो. आतल्या मोठ्या शिराच गुठळीने तुंबलेल्या असतील तर मात्र दोन्हींपैकी काहीही करण्यापूर्वी फार जपून पाहावे लागते, कारण अशा वेळी या वरच्या शिराच आडवाटेने रक्त नेत असू शकतात.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जुलै २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अशा रुग्णाला आधी उष्णतेने शीर बंद करण्याचा उपचार, म्हणजे लेझर किंवा रेडिओलहरी, सुचवावा, ते जमण्यासारखे नसेल तर शीर आतून बंद करणाऱ्या औषधाच्या फेसाचे इंजेक्शन, आणि तेही योग्य नसेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम घातलेला आहे. नुसते दाब देणारे घट्ट मोजे घालून राहणे हा उपचार, इतर काहीच शक्य नसेल तेव्हाचा. हे वाचून मी लेझरकडे झुकलेच होते. पण ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला एक डॅनिश अभ्यास वाचला आणि थबकले. त्यात ५०० रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटले होते: लेझर, रेडिओलहरी, फेस आणि शीर उपसणे. वर्षअखेर लेझरच्या गटात ५.८ टक्के शिरा पुन्हा उघड्या आढळल्या, रेडिओलहरींच्या आणि शस्त्रक्रियेच्या गटांत प्रत्येकी ४.८ टक्के आणि फेसाच्या गटात १६.३ टक्के. म्हणजे शीर बाद करण्यात लेझर आणि शस्त्रक्रिया जवळजवळ बरोबरीच्या. पहिल्या दहा दिवसांतल्या वेदनेची दहापैकी सरासरी तर लेझरची २.५८ आणि शस्त्रक्रियेची २.२५ होती. ‘वेदना नाही’ ही भिंतीवरची पाटी मला आठवली.

डॉक्टरांना हे दाखवले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. त्या अभ्यासातला लेझरचा प्रकाश शिरेत नेणारा धागा उघड्या टोकाचा होता. तशा धाग्याचा प्रकाश समोर एका बिंदूवर पडतो, त्याने शिरेची भिंत कोठे कोठे भेदली जाते आणि बाहेर रक्त झिरपून दुखते. आताच्या धाग्याच्या टोकाशी प्रकाश सभोवार कड्यासारखा पसरतो. शिवाय सुरुवातीच्या ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या लेझरची उष्णता मुख्यतः रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषली जाई, तर १४७० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी शोषते आणि शिरेच्या भिंतीत पाणी भरपूर असते, त्यामुळे कमी शक्तीत काम होते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. त्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांनाही मणक्यातून भूल दिलेली नव्हती. त्यांनाही लेझरच्या रुग्णांसारखेच मांडीत सुईने औषध भरून तेवढाच भाग बधिर केला होता. माझ्या २००७ च्या आठवणीतली नळी, आडवी रात्र, दोन दिवसांचा मुक्काम हे सगळे भुलीच्या खात्यावरचे होते आणि मी ते इतकी वर्षे शस्त्रक्रियेच्या खात्यावर मांडत आले होते.

लेझरच्या दिवशीही मार्करने आखणी झाली, तेवढे मात्र जसेच्या तसे राहिले आहे. मला आणि खोलीतल्या सगळ्यांनाच गडद चष्मे घातले. गुडघ्याच्या जरा खाली सोनोग्राफीत पाहत सुई शिरेत गेली, तिच्यातून तार, तारेवरून नळी आणि नळीतून लेझरचा धागा. धाग्याचे टोक जांघेतल्या संगमापासून दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवले आणि ते अंतर पडद्यावर दोनदा मोजले, कारण उष्णता पलीकडच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचून तेथे गुठळी होऊ द्यायची नसते. त्यानंतरचा भाग मला सर्वांत नकोसा झाला. जांघेपासून गुडघ्यापर्यंत शिरेभोवती थंड सलाईनमधून भुलीचे औषध भरायचे, त्यासाठी चौदा टोचण्या झाल्या. पहिल्या चार चांगल्याच झोंबल्या. हे पाणी तीन कामे करते: भाग बधिर करते, शिरेला चहूबाजूंनी दाबून धाग्यावर आवळते आणि उष्णता आजूबाजूच्या कातडीला व नसेला पोहोचू देत नाही. भरून झाल्यावर मांडी गार आणि टम्म झाली, जणू दुसऱ्याच कोणाची.

मग खोलीतला दिवा मंद केला. धाग्याच्या टोकाला दिशा दाखवणारा एक लाल प्रकाश असतो, तो कातडीतून दिसत होता. मांडीच्या आत डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका, यंत्राचा टक्‌ टक्‌ आवाज, आणि त्या आवाजाच्या तालावर ठिपका जांघेकडून गुडघ्याकडे मुंगीच्या पावलांनी येताना मी मान उचलून पाहत होते. यंत्र १० वॉटवर लावले होते आणि दर सेंटिमीटरला ७० ज्यूल द्यायचे होते. म्हणजे एका सेंटिमीटरला सात सेकंद. शीर ३८ सेंटिमीटर, तेव्हा एकूण २,६६० ज्यूल आणि २६६ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटांच्या आतच. हा हिशेब मी मनातल्या मनात करत होते आणि तो संपेपर्यंत ठिपका गुडघ्याशी आला होता. दुखले नाही. मध्येच तोंडात जळकट चव आली, ती मला भास वाटली. पुष्कळ जणांना तशी चव किंवा वास येतो, असे सिस्टर म्हणाल्या.

येथे लेझरचे काम संपले आणि पोटरीवरच्या गाठी मात्र जशाच्या तशा होत्या. लेझरबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच. धागा सरळ, लांब शिरेतूनच जातो, आपल्याला आरशात दिसणारी वळणे तो शिवतही नाही. काहींच्या गाठी मुख्य शीर बंद झाल्यावर हळूहळू बसतात, माझ्या मोठ्या होत्या म्हणून त्याच बैठकीत काढल्या. त्यासाठी दोन-तीन मिलिमीटरच्या सात चिरा दिल्या आणि क्रोशाच्या सुईसारख्या आकड्याने शीर बाहेर ओढून घेतली. मी पाहायला मागितले, तेव्हा चिमट्यात धरलेला ओल्या सुताचा एक पांढुरका तुकडा समोर आला. वर्षानुवर्षे निळी, टपोरी दिसणारी ती शीर रक्त गेल्यावर एवढीशी होती. टाके खरोखरच पडले नाहीत, कागदी पट्ट्या लावल्या. पण ‘चीर नाही’ हे खरे नाही.

मोजा चढवून मला लगेच अर्धा तास चालवले आणि दुपारी मी घरी होते. दुसरा दिवस इतका हलका गेला की चौथ्या दिवशी मी कामावर गेले. तो माझा अतिउत्साह. सहाव्या दिवशी अनुमापनाचे प्रात्यक्षिक चालू असताना ब्युरेटसमोरून वळले आणि गुडघा सरळच होईना. मांडीच्या आत, वरपासून खालपर्यंत, कोणी सुतळी ताणून बांधावी तशी ओढ होती आणि हात फिरवला तर ती सुतळी बोटांना लागत होती. गुठळी झाली या भीतीने मी रुग्णालयात फोन केला. पोटरी सुजली आहे का, दम लागतो आहे का, छातीत दुखते का, असे विचारून त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावले आणि सोनोग्राफी केली. आतल्या शिरा मोकळ्या होत्या. बंद झालेली शीर आतून आकसत, कडक होत असते, तिची ही ओढ साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत जाणवते, याची सूचना कागदावर छापलेली होती आणि मी ती वाचलेली नव्हती. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पाच दिवस घेतल्या, रोज चालले आणि बाराव्या दिवशी सुतळी सुटली.

वहीतल्या दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर वेदनेचे आलेख निराळे दिसतात. शस्त्रक्रियेचा पहिल्या दोन दिवसांत शिखरावर असतो आणि तेथून उताराला लागतो, तो पंधरवडाभर उतरत राहतो. लेझरचा आधी सपाट, मग आठवड्याच्या शेवटी एक टेकाड आणि मग पुन्हा सपाट. बेरीज केली तर लेझरची कमी भरते, पण टेकाड अनपेक्षित असले तर भीती अधिक वाटते. बधिरपणा डाव्या पायाला आला नाही. काळेनिळेपण आले ते पोटरीवर, सात चिरांच्या भोवती, मांडीवर जवळजवळ नाहीच.

मोज्यांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या श्रेणीचा, मांडीपर्यंतचा मोजा पायात चढवणे हे या उपचारातले सर्वांत कष्टाचे काम आहे, आणि भांडी घासताना वापरतात तसे रबरी हातमोजे घालून तो सरकवला तर निम्मे कष्ट वाचतात. हे मला दुकानदाराने सांगितले नाही, डॉक्टरांनीही नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितले.

उजव्या पायातल्या त्या धुमाऱ्यांतून कोणतीही तार जाणे शक्य नव्हते आणि जांघेत जुन्या व्रणातून पुन्हा चीर देणे जोखमीचे होते, म्हणून तेथे फेस वापरला. दोन सिरिंज एका तिहेरी तोटीला जोडून औषध आणि हवा एकमेकांत घुसळली की साबणाच्या फेसासारखे पांढरे मिश्रण तयार होते, ते सोनोग्राफीत पाहत टोचले. दोन बैठका लागल्या आणि मांडीवर तपकिरी डाग उठला तो दहा महिने राहिला. सोसायला हा उपचार तिन्हींत सोपा, टिकायला तिन्हींत कच्चा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१९ साली ब्रिटनमधल्या ७९८ रुग्णांच्या एका चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष आले, त्यांतही लेझर आणि शस्त्रक्रिया या दोन्ही गटांतल्या रुग्णांचे या विकाराशी निगडित जीवनमान फेसाच्या गटापेक्षा चांगले आढळले होते. ते माहीत असूनही मी फेस घेतला, कारण त्या जागेसाठी तोच योग्य होता.

वर्षभरानंतरच्या तपासणीला सोनोग्राफीचे डॉक्टर दुसरे होते. त्याच चौथऱ्यावर मी उभी राहिले. उजव्या जांघेत जाळे शांत झाले होते, एक बारीक फांदी उघडी होती, तिचे काही करायची गरज नव्हती. मग ते डाव्या पायाकडे आले. जांघेत टेकवलेला ठोकळा त्यांनी मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत आणला, परत वर नेला, दाब कमी-जास्त करून पाहिला. पडद्यावर स्नायूंच्या राखाडी रेषा तेवढ्या होत्या. ‘या पायाची शीर काढलेली आहे ना?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, काढली ती उजव्या पायाची, या पायाला लेझर झाला आहे. त्यांनी फाईल पाहिली, ठोकळा पुन्हा गुडघ्याच्या वर टेकवून जरा वेळ शोधले आणि मग पडद्यावरच्या एका धाग्याएवढ्या पांढुरक्या रेघेवर बाण लावून छायाचित्र घेतले. त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही घोट्यांचा घेर मोजला. उजवा बावीस, डावा पावणेबावीस.